दगडी गिरणीतला मृदंग

या, असे पुढे सरका. मागे खांबाला टेकलेल्यांनीही या, जागा पुष्कळ आहे. शाल असेल तर अंगावर ओढून घ्या, कारण गोष्ट थंडीतली आहे आणि थोडी भीतीची आहे. भ्यायला हरकत नाही. शेवटी गाठ सोडवून दाखवेन, हा शब्द देतो. जेवढी सुटणार नाही तेवढी पांडुरंगाच्या पायाशी ठेवू आणि आपापल्या घरी जाऊ.

१

तळेगाव दाभाडे स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर एक दगडी इमारत आहे. शंभरावर वर्षांपूर्वीची तेलाची गिरणी. ती बंद पडली, पत्रे गंजले, आवारात बाभळी माजल्या. आणि मग दोन वर्षांपूर्वी चाकणला कारखाना असलेल्या दिग्विजय टेकाळे यांनी ती विकत घेऊन तिचं राहतं घर केलं. आणि घर तरी कसं! तेलाच्या हौदात उतरून बसायची बैठक झाली. शेंगांची पोती रचायची त्या जागी परदेशी फरशी आली. माणूस आला की आपोआप लागणारे दिवे, आणि वर माळ्यावर जायला लिफ्ट. ती इतकी मुकी, की दार उघडल्यावरच कळावं, आली म्हणून. मोठ्या मासिकांतून फोटो छापून आले.

फोटोत एक गोष्ट आली नाही. ऊन तापलं की त्या दगडांतून शेंगदाण्याच्या तेलाचा वास सुटायचा. भिंती तीनदा घासून घेतल्या. वास गेला नाही.

माळ्यावर कमरेइतक्या उंच लाकडी घोडीवर एक मृदंग आडवा ठेवलेला होता. गिरणीच्या अडगळीतच सापडलेला. घराची सजावट करणाऱ्या वर्षालीने तो नव्या कातड्याने मढवून घेतला आणि शोभेला मांडला. दोन महिने झाले, घरात कुजबुज चालली होती, की दिवेलागणीला तो मृदंग आपोआप वाजतो.

डिसेंबरातल्या एका बुधवारी सकाळी दिग्विजय वर गेले तर मृदंगाचं डावं तोंड फाटलेलं. मधोमध भगदाड, आणि आत काळोख.

त्यांनी खाली येऊन युसुफचाचांना हाक मारली. हे गिरणीचे जुने राखणदार. गिरणी चालू होती तेव्हापासून मागच्या खोलीत राहत आलेले, आता सत्तरीला टेकलेले.

"चाचा, वरचा मृदंग कुणी फाडला?"

"फाटलाय व्हय?" चाचा घाबरून म्हणाले.

"फाटला नाही, फाडलाय. बाहेरच्या दाराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे? तुमची खोली पाडून गाड्यांची शेड करायची म्हटल्यापासून हे चाललंय. आधी मृदंग वाजवून माझ्या घरातल्यांना भेवडवलंत, जमलं नाही म्हणून आता हे. संध्याकाळपर्यंत खोली रिकामी करा, नाहीतर पोलीस येतील."

चाचांनी तोंड उघडलं. मग हौदाच्या काठाशी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या आबाजींकडे, म्हणजे दिग्विजयच्या वडिलांकडे पाहिलं. आणि मिटलं. खिशातून किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि ते मागच्या दाराने निघून गेले.

दिग्विजयच्या पत्नीने, विजयश्रीने, हे सगळं जिन्यात उभं राहून पाहिलं. पाच मिनिटांनी तिने फोन लावला.

"मावशी, आत्ता ये. जशी असशील तशी ये."

२

मावशी म्हणजे सुमनताई. चाकणच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं त्या माल तपासायला होत्या. डोळ्याला न दिसणारी चीर नखाला लागते, असं त्या म्हणत आणि खरोखर शोधून काढत. निवृत्तीनंतर एकच छंद: कीर्तन. जिथे असेल तिथे जायचं, टाळ घेऊन मागे उभं राहायचं.

दुपारी बारा वाजता त्या आल्या. पाणीसुद्धा न घेता माळ्यावर गेल्या. पाऊल पडताच दिवे फटकन लागले तेव्हा त्याही दचकल्या. घोडीपाशी खाली बसून त्यांनी फाटलेल्या कातड्याच्या कडेवरून नख फिरवलं. मग चष्मा नाकावर ओढून फरशीकडे पाहत राहिल्या.

मुंग्यांची रांग होती. बारीक, तांबड्या. भिंतीच्या कडेने येत होती, घोडीच्या पायावरून चढत होती आणि मृदंगाच्या त्या काळ्या भगदाडात शिरत होती.

"यांना आत काय मिळतंय गं?" सुमनताईंनी विचारलं.

विजयश्री मागे उभी होती. ती खिडकीकडे वळली.

३

आधी सापडला गणराज, दिग्विजयचा धाकटा भाऊ. चिखलीला राहतो, आठ दिवसांसाठी आला होता आणि आता बॅग भरत होता.

"मावशी, मी इथे थांबत नाही. काल मी डोळ्यांनी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"सहाच्या सुमाराला वर मृदंग सुरू झाला. म्हटलं, आज सोडायचं नाही. जिन्याखाली उभं राहून फोनवर टेप केला आणि मग धावत वर गेलो. दिवे चालू, माळ्यावर कुणी नाही! आणि मृदंगाचं कातडं..." त्याने जिन्याकडे एकदा पाहिलं. "कातडं थरथरत होतं, मावशी. आत्ताच कुणी हात उचलावा तसं."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? पळालो! खाली आलो तर वहिनी बाबांची खुर्ची धरून लिफ्टपाशी उभी. तीही पांढरीफटक पडलेली. तिनंही ऐकलं असणार."

सुमनताईंनी त्याचा फोन कानाला लावला. तीनदा ऐकलं. उजव्या बाजूचे बोल असे स्वच्छ होते, की त्यांची मान आपसूक डोलली. पण डाव्या बाजूचा धुमारा, तो खोल घुमणारा ठोका? तो दर वेळी अर्धी मात्रा उशिरा येत होता. जड आणि अडखळत. दोन्हींच्या मागे, दूरवर, आणखी एक आवाज होता. तो ऐकून त्यांनी भुवया उंचावल्या आणि फोन परत दिला.

वर्षालीला त्यांनी फोन केला. ती आधीच वैतागलेली होती.

"मीच भुतं सोडलीत असं साहेबांना वाटतं का? भिंतींत अठरा स्पीकर आहेत, कबूल. पण ते सगळे साहेबांच्या मोबाइलवरून चालतात, माझ्या नाही. आणि काकू, मी तो मृदंग हौसेनं मढवून घेतलाय. मी तो का फाडेन?"

"खाली बैठकीत का नाही ठेवलास?"

"साहेबांनीच सांगितलं, वरच ठेव, बाबांच्या नजरेला पडता कामा नये. मार्चमध्ये त्यांना झटका आला ना, तेव्हा ते सप्त्यात मृदंगावर बसले होते म्हणे. डावा हात गेला, जीभ जड झाली. तेव्हापासून साहेब मृदंगाचं नाव काढू देत नाहीत."

स्वयंपाकघरात सावित्रीबाई भाकरी थापत होत्या. त्या इथल्याच, मावळातल्या.

"भूत हाय म्हंजे हाय," त्यांनी निकाल देऊन टाकला. "आवो, गिरणीत चिमाजी म्हनून कामगार व्हता. पाळी सुटली की दिवं लागायला मृदंग घिऊन बसायचा. एक दिस मशिनीच्या पट्ट्यात सापडला. पंचवीस-सव्वीसचा व्हता. तवापासनं त्यो मृदंग आडगळीत पडला. आता ह्यांनी बाहीर काढला, तर त्यो येनारच की वाजवाया!"

"तुम्हाला त्रास देतो का?"

"मला काय करतोय त्यो? माज्या कनकेवर मात्र डोळा हाय मेल्याचा. साडेपाचला कणीक मळून, झाकून मी दुधाला जाती. परत येऊन पोळ्या लाटाया घेतल्या की रोज एक पोळी कमी! मी काय मोजाया चुकती? चाळीस वरसं पोळ्या लाटती मी."

सुमनताई हसल्या. मग त्यांचं हसू थांबलं.

शेवटी त्या मागच्या खोलीत गेल्या. युसुफचाचा पत्र्याच्या पेटीला दोरी बांधत होते. चुलीशी बाजरीचं पीठ, एक कांदा. गव्हाचा दाणा त्या खोलीत नव्हता.

"चाचा, काल दिवेलागणीला कुठे होतात?"

"असतो तिथंच, ताई."

"म्हणजे कुठे?"

"जाऊ द्या. साहेबांच्या मनात एकदा बसलं ते बसलं."

"तुम्हाला ठाऊक आहे वर कोण वाजवतं ते. हो ना?"

चाचांनी दोरीची गाठ ओढून घट्ट केली. "मला काय बी ठाऊक न्हाई," ते म्हणाले, आणि सत्तर वर्षांच्या त्या माणसाला खोटं बोलायची सवय नाही हे पाहणाऱ्याला लगेच कळलं.

४

पाच वाजता सुमनताईंनी सगळ्यांना हौदातल्या बैठकीत बसवलं. दिग्विजय कारखान्यातून आले होते ते घड्याळाकडे बघतच. आबाजींची खुर्ची टेबलाशी, विजयश्री त्यांच्या मागे. गणराज दाराजवळ, पळायला सोपं म्हणून. चाचा पायरीवर, आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"आधी फाडण्याचं बघू," सुमनताई म्हणाल्या. "कंपनीत तुटका भाग समोर आला की मी कड बघायचे. धारेनं कापलं तर कड गुळगुळीत असते. त्या कातड्याची कड दातेरी आहे. आणि भोक कसं? मधोमध, गोल, पुरीएवढं. बाकी कुठे ओरखडासुद्धा नाही. रागानं फाडणारा माणूस इतकं मापात फाडत नाही, दिग्विजय. तो उंदीर आहे."

"उंदीर!" गणराज ओरडला. "मी अंगारा आणायला निघालो होतो!"

"आण, घरात असू दे. पण ऐक. मृदंग दोन महिने वर आहे आणि या दगडांत उंदरांच्या शंभर पिढ्या झाल्या. मग त्यांनी कालच का तोंड लावलं? कारण काल त्यावर खायला होतं. मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, मधोमध, पुरीएवढी. त्याशिवाय धुमारा खोल निघत नाही. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. हे न चुकता करायचं असतं. काल खरवडायचं राहिलं, कारण गणराज धावत जिना चढत होता. आतमध्ये अजून कणकेचे कण आहेत. मुंग्या तेच वेचतायत."

दारातून सावित्रीबाई म्हणाल्या, "म्हंजे माजी पोळी!"

"तुमचीच. भुताला कणीक लागत नाही, बाई. कणीक लागते ती जिवंत हाताला."

दिग्विजय पुढे झुकले. "म्हणजे वाजवणारा माणूस आहे. मग मी काय वेगळं म्हणत होतो?"

"माणूस नाही, माणसं. हे ऐक." त्यांनी गणराजचा फोन टेबलावर ठेवला. ती दगडी बैठक मृदंगाने भरून गेली. "उजवी बाजू पन्नास वर्षं मुरलेली आहे. डावी उशिरा येते, चाचपडत येते. एकाच माणसाचे दोन हात इतके अनोळखी नसतात एकमेकांना. इथे दोघं आहेत."

"म्हणजे चाचांना साथीदारही आहे!"

"आता मृदंग सोड. त्याच्या मागचं ऐक."

सगळ्यांनी कान दिले. मृदंगाच्या पलीकडे, स्टेशनच्या अंगाने, मशिदीच्या कर्ण्यावरून बांग येत होती. म्हातारा, थोडा चिरका आवाज. गणराजनेच आधी ओळखला.

"चाचा... ही तर तुमची बांग."

"मशिदीतले मौलवी आजारी आहेत," सुमनताई म्हणाल्या. "तीन महिने संध्याकाळची बांग चाचा देतात. मी चौकात पानाच्या टपरीवर विचारून आले. तुम्ही रोज तो आवाज ऐकताय आणि त्याच वेळेला तोच माणूस वर मृदंग वाजवतो म्हणताय."

दिग्विजयनी पायरीकडे पाहिलं. "सकाळी का नाही सांगितलंत?"

चाचांनी मान खाली घातली.

"मग कोण?" दिग्विजयचा आवाज चढला. "कोण आहे माझ्या घरात?"

"पुढचं मी बोलणार नाही," सुमनताई म्हणाल्या. "ज्यानं मला बोलावलं त्यानं बोलावं."

मग खुर्चीमागून आवाज आला.

"बाबा वाजवतात," विजयश्री म्हणाली. "डावा हातही त्यांचाच. मी तो नुसता उचलून टाकत होते."

५

दिग्विजय उठून उभे राहिले.

"तुला माहीत होतं! त्या मृदंगावरच ते कोसळले होते. माझ्या डोळ्यांदेखत! आणि तू त्यांना पुन्हा—"

"मृदंगानं नाही पाडलं त्यांना. रक्तदाबाच्या गोळ्या चुकल्या होत्या, डॉक्टर तुमच्यासमोरच बोलले. मृदंग नको असं डॉक्टर म्हणाले? तुम्ही म्हणालात."

"मला विचारायचं होतंस!"

"विचारलं असतं तर मृदंग दुसऱ्या दिवशी घरात दिसला नसता." ती रडत होती, पण थांबत नव्हती. "तुम्ही आठला येता. तुम्हाला दिसतं ते झोपलेलं माणूस. मी दिवसभर बघते. आठ महिने ते भिंतीकडे बघत बसले होते हो. दिवाळीनंतर मी त्यांना लिफ्टनं वर नेलं, उजवा हात मृदंगावर ठेवला, आणि ते हसले. काल गणराजभावजींची चाहूल लागली म्हणून घाईत खाली आणलं. कणीक तशीच राहिली. सकाळी चाचांनी किल्ली ठेवली तेव्हा माझी जीभच उचलेना. बोलले तर बाबांचा मृदंग जाणार, नाही बोलले तर चाचांचं घर जाणार. मावशी, म्हणून तुला बोलावलं. म्हटलं, तू शोधशीलच."

आबाजी इतका वेळ मान खाली घालून बसले होते. आता त्यांच्या घशातून काहीतरी निघालं. शब्द नव्हता तो. सगळे वळले. त्यांचा डावा हात खुर्चीच्या कडेवरून सरकत, जडपणे, इंचाइंचाने टेबलाकडे येत होता. विजयश्री पुढे झाली; सुमनताईंनी तिला अडवलं. हात टेबलावर चढला, थोडासा उचलला गेला आणि पडला. पुन्हा उचलला गेला आणि पडला. उशिरानेच, पण कुणी न उचलता.

दिग्विजय गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आपला तळवा त्या हाताखाली दिला. तिसरा ठोका त्यांच्या तळव्यावर पडला. कारखान्यात तीनशे माणसांना हुकूम देणारा तो माणूस. तो चौथ्या ठोक्याची वाट बघत तसाच बसून राहिला.

थोड्या वेळाने गणराजने हळूच विचारलं, "पण वहिनी, दिवाळीनंतर म्हणालीस. मृदंग तर कोजागिरीपासून वाजतोय. मलाही तेव्हाच फोनवर सांगितलं होतंस."

विजयश्रीने डोळे पुसले. "हो. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी आणि बाबा इथेच बसलो होतो, खाली. सावित्रीबाई दुधाला गेल्या होत्या. बांग सुरू होती. आणि वर मृदंग वाजायला लागला. मी भिऊन बाबांकडे पाहिलं, तर त्यांच्या डाव्या हाताचं एक बोट हलत होतं. ठेक्यावर. ते बघून तर मला सुचलं, त्यांना वर न्यायचं."

"मग तेव्हा वर कोण होतं?"

उन्हाळा नव्हता, ऊनही नव्हतं, तरी दगडांतून तेलाचा वास येत होता. आणि वर, माळ्यावरचे दिवे फटकन लागले.

"उंदीर असेल," सुमनताई म्हणाल्या.

कुणीही बघायला गेलं नाही. सावित्रीबाईंनी तेवढे हात जोडले आणि पुटपुटल्या, "वाजव रं बाबा."

६

बाहेर चाचा पायरीवरून उठले होते. दिग्विजय त्यांच्या मागून आवारात गेले. सुमनताई दारात थांबल्या.

"चाचा, किल्ली राहिली तुमची." दिग्विजयनी हात पुढे केला. "सकाळी मी जे बोललो... शेड-बिड काही होणार नाही. मला माफ करा म्हणायलाही लाज वाटते."

"म्हणू नका मग," चाचा म्हणाले. किल्ली घेतली. "पण दोरी फार आवळून बांधलीय पेटीची, साहेब. माझ्यानं सुटायची न्हाई. सोडून द्या तेवढी."

दिग्विजय त्या खोलीत वाकून शिरले आणि जमिनीवर बसून गाठ सोडू लागले.

सुमनताईंनी हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला सगळं माहीत होतं, चाचा. बांग दिली एवढं एक वाक्य बोलला असतात तर सुटला असतात. का नाही बोललात?"

"बोललो असतो तर साहेबांनी लगेच इचारलं असतं, मग दुसरं कोण? घरात उरतं कोण, ताई?" चाचा मशिदीच्या दिशेला पाहत होते, बांगेची वेळ होत आली होती. "एक दिस बांग देऊन परत आलो, तर माळ्याच्या खिडकीत दोगं दिसली. सुनेनं सासऱ्याचा हात धरलेला, लेकराला पहिलं अक्षर गिरवायला शिकवतात तसा. मी तिथंच उभा राहिलो. मेलेला हात जागा होत होता. आता मी तोंड उघडून ते मोडायचं? खोली काय, आनिक कुटं तरी मिळाली असती."

एवढं म्हणून ते निघाले. सावकाश, भिंतीला हात लावत लावत.

आता तुम्हाला घरी जायचं आहे, अडवत नाही. मृदंग पुन्हा मढवला गेला. आबाजींचा धुमारा अजून उशिरा येतो, पण रोज येतो, आणि कणीक आता दिग्विजय स्वतः खरवडतात. माझं मागणं एवढंच आहे: आज दिवा लावून देवापुढे हात जोडाल, घरच्यांची नावं घेऊन होतील, तेव्हा उठायच्या आधी थोडं थांबा. खोटा आळ आला तरी दुसऱ्याच्या हातासाठी गप्प राहिलेल्या युसुफचाचांची आठवण करा.